तुतीतले नऊ कोळी

पहिला कोळी मला न्हाणीघराच्या मागे दिसला. पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. शेवग्याच्या बुंध्यापासून कपडे वाळत घालायच्या तारेपर्यंत त्याने जाळं ताणलं होतं आणि मधोमध, डोकं खाली करून, तो बसला होता. पोट पिवळं, त्यावर काळे पट्टे, पुढचा भाग रुपेरी. पाय दोन-दोन जोडून धरल्यामुळे आठाऐवजी चारच आहेत असं वाटत होतं. जाळ्यावर जाड पांढऱ्या धाग्याची नागमोडी फुली काढलेली. मी टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून घरातून पट्टी आणली. अंग अडीच सेंटिमीटर, पायांसकट साडेसहा. जाळं मधोमध आडवं मोजलं तर पंचावन्न.

घरातले कोळी मला माहीत होते. काळपट, बारीक, झाडू दिसला की सांदीत पळणारे. हा पळाला नाही. पट्टी चार बोटांवर नेली तरी जागचा हलला नाही, फक्त जाळ्याला एक झोका दिला. इतक्या भडक रंगाचा जीव उघड्यावर, कोणाला न भिता बसतो, याचाच मला संशय आला.

संशय ही माझी जुनी सवय आहे. बावीस वर्षं मी जालन्याला एका गोदामाच्या वजनकाट्यावर काम केलं. काट्यावर ट्रक उभा राहिला की आधी आकडा पाहायचा नाही, आधी खाली वाकून चाकाखाली पाहायचं, हे तिथे शिकलो. तीन वर्षांपूर्वी ते काम सोडलं आणि आम्ही दोघं भोकरदन तालुक्यातल्या आमच्या शेतात राहायला आलो. मुलांची शिक्षणं संपून ती आपापल्या कामाला लागली होती. मला वाटलं होतं, आता सोयाबीन आणि मका करू, बसू. पण बायकोने रेशमाचं प्रशिक्षण घेतलं, एक एकर तुती लावली आणि घराच्या मागे आळ्या वाढवायची शेड उभी केली. शेड तिची. मी तिथे फांद्या वाहणारा माणूस.

शेडच्या दारावर तिने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: चप्पल बाहेर काढा. हात धुवा. तंबाखू, विडी, अत्तर, उदबत्ती घेऊन आत येऊ नका. रेशमाची आळी फार नाजूक असते. दोन शेतांपलीकडे कोणी औषध फवारलं तरी तिला बाधतं, असं बायको सांगायची. उन्हाळ्यातली बॅच उष्णतेने गेली होती. तेव्हा मी वैतागून म्हणालो होतो, "पुढची गेली, तर तुती मोडायची आणि परत सोयाबीन." दोन दिवसांनी भाकरी थापताना म्हणाली, "बरं." त्यामुळे या वेळची बॅच नुसती बॅच नव्हती. ती गेली की शेड बंद, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दुसरा कोळी दिसला तो शेडच्या खिडकीवर, माशा येऊ नयेत म्हणून लावलेल्या जाळीच्या बाहेरच्या अंगाला. तिथून मला तो विषय सुटेना. त्याच्या जाळ्यात एक पांढरी गुंडाळी लटकली होती, दोन सेंटिमीटरची. आमची आळी पांढरी, त्या दिवसांत साधारण तेवढीच. मी बायकोला बोलावलं.

"हा आपली आळी उचलून नेतोय."

"आळी जाळीतून भाईर कशी जाईल?"

"तेच शोधायचंय."

तिने गुंडाळी काढून टाचणीने उकलली. आत पंख निघाले, माशीचे. घरातल्या माशीपेक्षा मोठे. "ही उझी माशी असंल," ती म्हणाली. "आळीच्या अंगावर अंडं घालती अन् आळी आतून खराब होती. ती धरून राह्यला असंल तर बरंच हाय की."

"एका माशीवरून काही ठरत नाही."

"मंग तुम्ही मोजा," असं म्हणून ती आत गेली.

मी मोजलं. तुतीच्या बेचाळीस ओळी आहेत, पूर्वेला विहीर, पश्चिमेला चुलतभावाचा कापूस. विहिरीकडच्या पहिल्या सात ओळींत नऊ कोळी निघाले. सगळ्यात मोठं जाळं सत्तर सेंटिमीटर, दोन ओळींच्या मधोमध, बरोबर माझ्या तोंडाच्या उंचीवर. फांद्या तोडायला रोज तिथूनच जावं लागे. दोनदा जाळं तोंडावर आलं. त्याचा धागा साध्या कोळिष्टकासारखा विरत नाही, ओढल्यावर ताणतो आणि मग तुटल्याचं कानाला कळतं. अंगावर कोळी मुतला की फोड येतात असं लहानपणापासून ऐकलं होतं. पाच जणांना विचारलं. पाचही जण म्हणाले, येतात. स्वतःला आलेत का, असं विचारल्यावर पाचही जणांनी दुसऱ्याचं नाव सांगितलं. म्हणजे पुरावा शून्य. तरी मी बाह्या खाली सोडूनच जाऊ लागलो.

माझा हिशोब असा होता: हे फांदीवर बसतात, फांदी तोडून आपण रॅकवर ठेवतो, म्हणजे एक ना एक दिवस कोळी फांदीसोबत आत जाणार. आत पन्नास हजाराच्या आसपास आळ्या, एकीलाही पळता येत नाही. कोळी काय करील ते सांगायला नको. बायको म्हणाली, प्रशिक्षणात मुंगी, पाल, उंदीर यांचं सांगितलं, कोळ्याचं काही सांगितलं नाही. मी म्हणालो, सांगितलं नाही याचा अर्थ नाही असा होत नाही.

औषध फवारायचा विचारसुद्धा मी केला नाही. तेवढं मला कळत होतं. पण गोदामात एक शेतकरी यायचा, तो सांगायचा की किडीवर तंबाखूचं पाणी मारतो, घरगुती आहे, विष नाही. ते डोक्यात राहिलं होतं. पाटीवर तंबाखू लिहिलेली होती, ती मी शंभर वेळा वाचली होती. पण ती थुंकण्याबद्दल आहे, खाणाऱ्यांच्या हाताबद्दल आहे, असंच मी धरून चाललो होतो. आमचा चुलतभाऊ दिवसभर तंबाखू मळतो, आणि बायको त्याला दारापासून दहा हातांवर उभा करून बोलते. पाटी त्याच्यासाठीच आहे असं मला वाटायचं.

तंबाखू मी त्याच्याकडूनच आणली. पाव किलो मागितली तसा तो बाजेवरून उठूनच बसला.

"दादा, पन्नाशी उलटल्यावर सुरू केली का?"

"कोळ्यांसाठी पाहिजे."

"मंग चुना बी घिऊन जा. नुसती खाल्ली तर ठसका लागंल त्यांला."

दुसऱ्या दिवशी आळ्या चौथ्या झोपेत होत्या. आळी कात टाकते तेव्हा काही खात नाही, पाला टाकायचा नसतो, शेडमध्ये आवाज करायचा नसतो. मला एवढाच मोकळा दिवस मिळायचा. पाव किलो तंबाखू पाच लिटर पाण्यात आदल्या संध्याकाळीच भिजवली होती. सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळली. फवारायच्या हातपंपाच्या बाटलीत भरून एकेका कोळ्यावर बारा-बारा दाब मारले. वारा नाही हे आधी पाहून घेतलं. शेडच्या खिडकीवरचा मात्र सोडला, कारण शेडच्या पन्नास फुटांत काही मारायचं नाही असं मी स्वतःच ठरवलं होतं. न्हाणीघरामागचाही सोडला, त्याचा शेडशी संबंध नव्हता. नऊपैकी दोन तिथेच गळून पडले. बाकीचे पाय आखडून फांद्यांत घुसले. मग साबणाने तीनदा हात धुतले, अंघोळ केली, कपडे बदलले. बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती, आणि नको म्हणालेलं मला ऐकायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिची हाक आली. "अहो, जल्दी या इकडं."

तिचा आवाज मोठा नव्हता, म्हणूनच मी पळत गेलो. पहिल्या रॅकवरच्या आळ्यांनी अंगाचा पुढचा भाग वर उचलला होता आणि त्या इकडून तिकडे डुलत होत्या. पाल्याला तोंड लावत नव्हत्या. काहींच्या तोंडातून हिरवट पाणी येत होतं, काही आखडून आखूड झाल्या होत्या. पाला खाताना आळ्यांचा पावसासारखा सळसळ आवाज होतो. पहिल्या रॅकपाशी तो नव्हता. दुसऱ्या रॅकवरून मात्र येत होता.

तिने मला हात लावू दिला नाही. मी काटक्यांची एक फूट चौकट केली आणि प्रत्येक कप्प्यावर ठेवून मोजायला लागलो. दोन रॅक, प्रत्येकाला पाच कप्पे. पहिला रॅक, खालचा कप्पा: सत्तरपैकी एकतीस आळ्या बिघडलेल्या. दुसरा: सव्वीस. तिसरा: बावीस. चौथ्यात पाच, पाचव्यात चार. दुसऱ्या रॅकच्या पाचही कप्प्यांत एकही नाही. हे आकडे मी वहीत लिहिले. पहिल्या रॅकला पाला पूर्वेकडचा जातो आणि दुसऱ्याला पश्चिमेकडचा, हेही मला पाठ होतं. ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहिली असती तरी पुरलं असतं. मी वही मिटली.

कारण आदल्याच दिवशी चुलतभाऊ पाठीवर पंप घेऊन कापसात उभा असलेला मी पाहिला होता. मला दुसरं काही पाहायचं राहिलं नव्हतं. मी तसाच बांधाकडे निघालो. बायको मागून येत होती, ते मला बांधावर पोहोचल्यावर कळलं.

"काल तू फवारलंस," मी म्हणालो.

"फवारलं की. का बरं?"

"आळ्या मरायला लागल्यात."

त्याने हातातलं खुरपं खाली ठेवलं. "वैनीच्या?"

"सांगून फवारायला काय झालं होतं?"

"दादा, मी त्या टोकाचं मारलं, नाल्याकडचं. वैनी म्हनल्या होत्या, आळ्या उठल्या की इकडून मारू नका. म्हनून या बाजूच्या वीस ओळी तशाच ठिवल्या. पाहा की. तुडतुडे पडून पानं वाकडे झाले." त्याने एक पान उलटं करून माझ्यापुढे धरलं. मी ते हातात घेतलं नाही.

"वारा कुठून कुठे जातो ते तुला कळत नाही."

"वारं?" आता त्याचा आवाज चढला. "तीन दिवसांखाली माझ्या घरून पाव किलो तंबाखू मागून नेली, ती मी हसून देल्ती. अन् आज मलाच गुन्हेगार करून राह्यले?"

मला त्याचं पुढचं बोलणं ऐकू आलं नाही. बायको माझ्याकडे वळली होती.

"तंबाखू? कशाला?"

"कोळ्यांना."

"कोनत्या कोळ्यांना?"

"विहिरीकडच्या. पहिली ते सातवी ओळ."

"कवा?"

"आळ्या झोपल्या होत्या तेव्हा."

"काल संध्याकाळचा पाला मी तिथलाच तोडला," ती म्हणाली. "पहिल्या रॅकला टाकला. वरच्या दोन कप्प्यांला पुरला न्हाई म्हनून मधल्या ओळीतला मिसळला." आणि ती शेडकडे पळाली. तिला पळताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

चुलतभाऊ आणि मी बांधाच्या दोन बाजूंना उभे होतो. त्याने खिशातून डबी काढली, उघडली, आणि न मळताच परत ठेवली.

"दादा," तो म्हणाला, "मी तंबाखू खातो म्हनून वैनी मला तीन वरसांपासून शेडच्या दारात उभं राहू देत न्हाई. एक शब्द बोललो न्हाई मी. अन् तुम्ही पाव किलो आत घिऊन गेले."

शेडमध्ये तिने सगळ्या खिडक्यांचे पडदे वर केले होते. पहिल्या रॅकवर पश्चिमेकडच्या ताज्या फांद्या पसरायच्या, ज्या आळ्यांत जीव आहे त्या वर चढतात, मग खालचा जुना पाला काढून लांब खड्ड्यात टाकायचा. दुपारपर्यंत आम्ही तेच करत होतो. ती मला फक्त "धरा" आणि "सोडा" एवढंच म्हणत होती. वर न चढलेल्या आळ्या तिने सुपात गोळा केल्या. सूप मी नेतो म्हणालो तर तिने दिलं नाही.

मग पाल्याचा प्रश्न आला. बेचाळीस ओळींपैकी एकवीस तोडून झाल्या होत्या. विहिरीकडच्या सातांना आता हात लावायचा नव्हता. उरल्या चौदा. आळ्या कोष करायला लागेपर्यंत सहा दिवस होते आणि रोज सव्वादोन-अडीच ओळी लागणार होत्या. चौदात जेमतेम भागत होतं, पण त्यातल्या चार ओळी अगदी चुलतभावाच्या बांधाला लागून होत्या. त्याने कापसाची ही बाजू फवारली की त्या चार गेल्या. त्या चारांशिवाय गणित बसत नव्हतं. मी दोनदा करून पाहिलं.

"त्याला सहा दिवस थांबायला सांगावं लागंल," ती म्हणाली.

"तू सांग. तुझं ऐकतो तो."

"मी न्हाई जानार. तुम्ही बोलले, तुम्हीच जा."

दिवस मावळायच्या सुमारास गेलो. तो अंगणात बाजेवर बसला होता. मला पाहून सरकला नाही, बसा म्हणाला नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं की चूक माझी होती, पहिल्या रॅकचे आकडे माझ्या वहीत सकाळीच होते आणि ते असूनही मी त्याच्याकडे आलो. हे सांगायची गरज नव्हती. पण आकडे लपवायची मला सवय नाही, आणि एकदा लपवले त्याचं काय झालं ते समोर होतं. मग सहा दिवसांचं बोललो. त्याच्या कापसाची वाकडी पानं मी आता नीट पाहिली होती. सहा दिवस थांबणं त्याला सोपं नव्हतं.

तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

"सहा?"

"सहा. सातवा मागणार नाही."

"मोजून?"

"मोजून."

"वैनीसाठी थांबतो. तुमच्यासाठी थांबलो असं गावात सांगत फिरू नका." आणि मी वळल्यावर मागून म्हणाला, "दादा, तंबाखू उरली असंल तर परत द्या. का समदी कोळ्यांनीच खाल्ली?"

पश्चिमेकडच्या ओळींत कोळी नऊ नव्हते, चौदा होते. ते मी आधी मोजलेच नव्हते, कारण तिकडून माझं जाणं नव्हतं. बायकोने पहिल्याच दिवशी सांगितलं, जाळं असलेली फांदी तोडायची नाही. "अन् त्यांला हात लावला तर बघा." सहा दिवस मी वाकून, जाळ्यांखालून, फांद्या तोडत होतो. डोक्यावर हातभर अंतरावर तो पिवळा-काळा जीव डोकं खाली करून बसलेला, आणि बांधापलीकडे चुलतभाऊ तुडतुडे पडलेल्या कापसात नुसता फेऱ्या मारणारा. दोघांपैकी कोणाकडेही सरळ पाहायची माझी तयारी नव्हती. सहाव्या दिवशी संध्याकाळी शेवटची ओळ तोडली आणि बांधावरून त्याला हात केला. सातव्या दिवशी सकाळी चहा घ्यायच्या आधीच त्याच्या पंपाचा आवाज आला. तोपर्यंत आळ्यांनी खाणं सोडून सूत काढायला सुरुवात केली होती.

कोष पक्के झाल्यावर मी तीच काटक्यांची चौकट घेऊन मोजलं. दुसऱ्या रॅकवर चौकटीत सरासरी चौसष्ट कोष. पहिल्या रॅकच्या वरच्या दोन कप्प्यांत एकोणसाठ. खालच्या तिघांत मिळून सरासरी तेहतीस, त्यातलेही काही पातळ, बोटाने दाबले की आत जाणारे. मी आकडे तिला वाचून दाखवले. ती कोष निवडत होती, चांगले एकीकडे, पातळ एकीकडे.

"म्हणजे बॅच गेली नाही," मी म्हणालो. "तुती मोडायची नाही."

"ते तुम्ही ठरवनार होते होय?" ती म्हणाली. हात थांबला नव्हता.

दारावरच्या पाटीखाली आता खडूने एक ओळ वाढली आहे: तंबाखूचं पाणीसुद्धा नाही. ती कोणासाठी आहे हे आमच्या वस्तीवर सगळ्यांना माहीत आहे. चुलतभावाला आता दारापासून दहाऐवजी पाच हातांवर उभं राहायची परवानगी मिळाली आहे. डबी मात्र बांधावर ठेवून यावं लागतं.

खिडकीवरचा कोळी अजून आहे. परवा जाळीतून मोजला, पायांसकट सात सेंटिमीटर भरला. त्याने आळी नेल्याचं मी एकदाही पाहिलं नाही, आणि नेणार नाही असंही मी लिहून देणार नाही. शेडमध्ये जाताना मी रोज त्याच्यापाशी थांबतो, जाळ्यातल्या गुंडाळ्या मोजतो, काय आहेत ते पाहतो. मग हात धुतो. आणि दार उघडायच्या आधी दोन्ही तळवे नाकाशी धरून वास घेतो. आतून बायको जाळीतून पाहत असते. वास घेऊन झाल्याशिवाय ती कडी काढत नाही.